दुसरी हाक : अबू गरीबमधली एक झडती

२४ नोव्हेंबर २००३ च्या रात्री अबू गरीब तुरुंगाच्या पक्क्या इमारतीत अमेरिकी नौदलाचं श्वानपथक झडतीला आलं. झडती आटोपली, पथक निघून गेलं. थोड्याच वेळात त्यातल्या एका हॅण्डलरला, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्या सैनिकाला, पुन्हा बोलावणं आलं: कुत्रा पाहिजे. कशासाठी पाहिजे, ते कोणी सांगितलं नाही.

कोठडीतल्या माणसांवर कुत्रा कधी वापरता येतो आणि कधी नाही, हा कायद्याचा प्रश्न समजून घ्यायला या दोन बोलावण्यांइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं माहीत नाही. माणसं तीच, इमारत तीच, पट्टा धरणारा हातही तोच, आणि मध्ये फार तर थोडा वेळ. अबू गरीब म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बंद्यांच्या छळाची ती छायाचित्रं येतात. ती इथे बाजूला ठेवू, कारण या रात्रीचा ऐवज छायाचित्रांत नाही. तो लष्कराच्याच चौकशी अहवालात आहे.

अबू गरीब बगदादच्या पश्चिमेला सुमारे ३२ किलोमीटरवर. सद्दाम हुसेनच्या राजवटीतच त्या नावाची दहशत होती, आणि २००३ मध्ये अमेरिकी फौजांनी नेमका तोच तुरुंग वापरायला घेतला. बरेचसे बंदी आवारातल्या तंबूंत असत. दगडी-सिमेंटच्या इमारतीला सैनिक ‘हार्ड साइट’ म्हणत. तिच्यातल्या १ए या ओळीत लष्करी गुप्तवार्ता विभागाने चौकशीसाठी राखून ठेवलेले बंदी, आणि शेजारच्या १बी मध्ये बायका, अल्पवयीन मुलं आणि इतर काही. बंदी हजारोंनी, पहारेकरी मोजके. बाहेरून तोफगोळे येत ते वेगळेच.

कुत्रे तिथे आले ते याच टंचाईपोटी. ऑगस्ट-सप्टेंबर २००३ मध्ये क्यूबातल्या ग्वांटानामो इथल्या अमेरिकी तुरुंगाचे प्रमुख मेजर जनरल जेफ्री मिलर पाहणीसाठी आले होते. बंदी जास्त आणि पहारेकरी कमी असतील तर दंगा आवरायला कुत्रे उपयोगी पडतात, असं त्यांच्या चमूने सुचवलं. गुप्तवार्ता ब्रिगेडचे कर्नल थॉमस पॅपस यांनी कुत्रे मागवले आणि २० नोव्हेंबरला ते पोहोचले. हॅण्डलर आणि कुत्रा अशा पाच जोड्या होत्या, तीन नौदलाच्या आणि दोन लष्कराच्या. वर म्हटलेला लष्कराचा चौकशी अहवाल जनरल फे यांचा. त्याने पुढे नोंदवलं की मिलर यांच्या डोक्यात होतं बंदोबस्ताचं काम, आणि ते पॅपस यांना कधी नीट कळलंच नाही. मागवणाऱ्याला हेतू माहीत नाही, पाठवणाऱ्याने तो लिहून दिला नाही, आणि मधल्या मध्ये पाच जोड्या तुरुंगात दाखल. सरकारी कामकाज पाहिलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही.

चार दिवसांनी गोळीबार झाला. तुरुंगात नोकरीला असलेल्या एका इराकी पोलीस पहारेकऱ्याने एका बंद्याला चोरून पिस्तूल आणून दिलं होतं. ते काढून घ्यायला गेलेल्या लष्करी पोलिसावर बंद्याने गोळी झाडली, पोलिसाने उलट झाडली आणि बंदी जखमी झाला. आता आणखी किती हत्यारं आत आली आहेत, कोणाला ठाऊक? ११ इराकी पोलिसांना तिथल्या तिथे ताब्यात घेण्यात आलं. चौकशी केंद्राचे लेफ्टनंट कर्नल स्टीव्हन जॉर्डन यांनी चौकशीकारांना इमारतीत बोलावलं. इराकी पोलिसांचे कपडे उतरवून अंगझडती घेतली गेली आणि नंतरही त्यांना उघडंच ठेवण्यात आलं. त्या वेळच्या इमारतीचं वर्णन अनेक साक्षीदारांनी एकाच शब्दात केलं आहे: गोंधळ.

पहिलं बोलावणं या गोंधळातलं. हत्यारं आणि स्फोटकं शोधा, असा नौदलाच्या पथकाला हुकूम होता. कुत्र्यांनी कोठड्या हुंगल्या. स्फोटकं सापडली नाहीत. काम संपलं आणि पथक गेलं.

इथवर कायद्याला आक्षेप घ्यायला जागा नाही. ताब्यात ठेवणाऱ्या सत्तेला झडतीचा अधिकार असतो. तो युद्धकाळात ताब्यातल्या माणसांना कसं वागवायचं हे ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांनी काढून घेतलेला नाही, आणि नुकताच गोळीबार झालेल्या ठिकाणी तर तो वापरला नसता तर तोच हलगर्जीपणा ठरला असता. कुत्र्याच्या नाकाचा एक फायदा असा की माणसाच्या अंगाला हात न लावता काम होतं. कपडे उतरवून घेतलेल्या झडतीपेक्षा हुंगणारा कुत्रा कमी अपमानकारक, असंही म्हणता येईल. त्याच रात्री त्याच इमारतीत दोन्ही चाललं होतं आणि दोहोंपैकी जास्त निंद्य ठरली ती माणसांनी घेतलेली झडती.

मग दुसरं बोलावणं. नौदलाचे मास्टर-ॲट-आर्म्स (नौदलातले पोलीस) विल्यम किंब्रो कुत्रा घेऊन परत आले आणि १बी च्या वरच्या मजल्यावर गेले. कोठडीच्या दाराजवळ पोहोचण्याआधीच आरडाओरडा ऐकू येत होता आणि कुत्रा बिथरायला लागला होता. आत तिघं होते: एका कंत्राटी कंपनीचा चौकशीकार, साध्या कपड्यांतला दुसरा एक माणूस आणि कंत्राटावरचीच एक दुभाषी बाई. मागच्या उजव्या कोपऱ्यात एक बंदी उकिडवा बसलेला आणि तिघंही त्याच्यावर ओरडत होते. त्या कल्लोळात कुत्रा भुंकत सुटला, त्याने झेप घेतली आणि किंब्रोंना तो आवरता आवरेना. तेवढ्यात आतल्या एका पुरुषाने बंद्याला म्हटलं, हा कुत्रा बघितलास ना, मला पाहिजे ते सांगितलं नाहीस तर हा तुझ्या अंगावर सोडीन. निदान या अर्थाचं काहीतरी.

तिघं बाहेर यायला निघाले. ओळीतली वाट अरुंद, म्हणून किंब्रो मागे सरले. तिघं बाहेर पडताच कुत्र्याने पुन्हा झेप घेतली आणि किंब्रोंना ओढत कोठडीच्या आत नेलं. त्यांनी त्याला आवरून बाहेर काढलं. तिघं परत आत शिरताना कुत्र्याने दुभाषी बाईचाच हात कोपराखाली तोंडात पकडला. दात कपड्यांतून आत गेले नाहीत, चावलं नाही असं तिने नंतर सांगितलं. आपल्याला स्फोटकं शोधायला बोलावलेलं नाही, हे एव्हाना किंब्रोंना कळलं होतं. ते निघाले. जिन्याच्या तळाशी पोहोचले तोवर वरून कुणीतरी पुन्हा कुत्र्यासाठी हाका मारत होतं. ते परत वर गेले नाहीत.

या प्रसंगात बंद्याला कुत्रा चावलेला नाही. चावण्याचा हुकूमही हॅण्डलरला कोणी दिलेला नाही. मग गुन्हा कुठे आहे? बचाव करणारा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तो टाकाऊ नाही.

उत्तर चौथ्या जिनिव्हा करारात आहे. इराकला हे करार लागू होतात हे अमेरिकेने मान्य केलेलं होतं. ग्वांटानामोतल्या बंद्यांना ते लागू नाहीत असा जो वाद घातला गेला तो इथे नव्हता. कलम २७ संरक्षित व्यक्तींना, म्हणजे परक्या सत्तेच्या हाती पडलेल्या नागरिकांना, हिंसेपासून तर वाचवतंच, हिंसेच्या धमकीपासूनही वाचवतं. कलम ३१ म्हणतं की माहिती काढण्यासाठी शारीरिक किंवा मानसिक कुठलीच जबरदस्ती चालणार नाही. सुरक्षेला धोका असलेल्या बंद्यांचे काही हक्क कलम ५ खाली आवळता येतात, पण माणुसकीने वागवण्याचं बंधन त्या कलमातही कायम ठेवलेलं आहे. म्हणजे ‘सोडीन अंगावर’ हे वाक्य उच्चारलं तिथेच कलमाचा भंग पुरा झाला. कुत्र्याचे दात त्या वाक्याचा पुरावा होते, एवढंच. अमेरिकेच्या स्वतःच्या लष्करी दंडसंहितेतही कलम ९३ खाली ताब्यातल्या माणसाला क्रूरपणे वागवणं हा गुन्हा आहे आणि त्यासाठी जखम दाखवावी लागत नाही.

पण तळातल्या माणसांपर्यंत ही कलमं पोहोचतच नाहीत. पोहोचतं ते परिपत्रक. या प्रकरणाचा खरा किडका भाग तोच आहे.

डिसेंबर २००२ मध्ये संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी ग्वांटानामोसाठी काही चौकशी-पद्धती मंजूर केल्या. बंद्याला वाटणाऱ्या वैयक्तिक भीतीचा, उदाहरणार्थ कुत्र्यांच्या भीतीचा, वापर करून त्याच्यावर ताण आणणं ही त्यांतली एक. जानेवारी २००३ मध्ये त्यांनी मंजुरी मागे घेतली. पण एकदा कागद फिरला की फिरला. १४ सप्टेंबर २००३ ला इराकमधले सर्वोच्च सेनानी लेफ्टनंट जनरल रिकार्डो सांचेझ यांनी सही केलेल्या पत्रकात ‘लष्करी कुत्र्यांची उपस्थिती’ ही पद्धत पुन्हा अवतरली. अरबांना कुत्र्यांची जी भीती वाटते तिचा उपयोग करून घ्यायचा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. खाली अट अशी, की कुत्र्याला मुसकी बांधलेली असावी आणि तो सदैव हॅण्डलरच्या ताब्यात असावा.

वरच्या मुख्यालयातून कायदेशीर हरकत आली आणि १२ ऑक्टोबरला नवं पत्रक निघालं. पद्धतींच्या यादीतून कुत्रे गेले. पण खबरदारीच्या कलमात एक वाक्य उरलं: चौकशीच्या वेळी कुत्रे हजर असतील तर त्यांना मुसकी असावी आणि ते ताब्यात असावेत. परवानगी काढली, पण ती असल्यासारखी अट तशीच ठेवली. एखाद्या हॉटेलच्या दारावर ‘दारू पिण्यास मनाई’ आणि आत टेबलावर ‘रिकाम्या बाटल्या खाली ठेवा’ असं लिहिलेलं असावं, तसं. अबू गरीबच्या भिंतीवरच्या तक्त्यात तर कुत्र्यांची उपस्थिती ‘सेनापतींच्या मंजुरीने’ या रकान्यात होतीच. त्या रात्री तशी मंजुरी कोणी मागितली नव्हती, पण वरून मोकळीक आहे असा समज तिथे पसरला होता.

मुसकीची अट मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते. आपल्याकडे मळणीच्या बैलाला मुसकी बांधतात ती त्याने धान्य खाऊ नये म्हणून. तिथे मुसकी तिचं काम पुरं करते. चौकशीच्या खोलीत मुसकी चावा थांबवते हे खरं, पण त्या खोलीत कुत्रा आणलाय तो चावण्यासाठी नव्हेच, घाबरवण्यासाठी. मग जे नुकसान करायचं नव्हतं त्याविरुद्ध खबरदारी घेतली आणि जे करायचं होतं त्याला वाट मोकळी ठेवली.

आणि ती ‘अरबांची भीती’. कुत्र्याची लाळ इस्लाममधल्या बहुतेक परंपरांत अपवित्र मानतात हे खरं, पण अरबांनीच सलुकी जातीचे शिकारी कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड सांभाळले. आपल्याकडे खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताभोवती तर चार. म्हणून कोपऱ्यात उकिडवं बसवून समोर झेपावणारं जनावर उभं केलं तर मराठी माणूस स्वस्थ बसेल काय? भीती त्या कोपऱ्यात होती. तिला जातधर्माचं लेबल लावल्याने पत्रकाला शास्त्राचा आव आणता आला, इतकंच.

हॅण्डलरच्या जबाबदारीबद्दलही थोडं थांबून बोललं पाहिजे. अमेरिकी लष्करात बरेचसे कुत्रे दुहेरी शिकवलेले असतात, हुंगण्यासाठीही आणि पकडण्यासाठीही. शांत कोठडीत ज्या कुत्र्याचं नाक कामाला येतं, आरडाओरड सुरू झाली की त्याच कुत्र्याचं दुसरं शिक्षण जागं होतं. म्हणूनच ‘झडतीचा कुत्रा’ ही जनावराची जात नाही. त्या क्षणी त्याला कुठल्या कामाला लावलं आहे, त्यावरून ते नाव ठरतं. आणि काम कुठलं, हे पट्टा धरणाऱ्याने विचारायचं असतं. किंब्रोंना दारात पोहोचेपर्यंत कळलं नव्हतं, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. कळल्यावर ते जिना उतरले. पुढे याच तुरुंगातल्या छळाची वेगळी लष्करी चौकशी करणारे मेजर जनरल अँटोनिओ टागुबा यांनी आपल्या अहवालात मोजक्या तीन जणांचा गौरव केला. त्यांतले एक किंब्रो: गुप्तवार्तावाल्यांचा दबाव असूनही गैर चौकशीत भाग घ्यायला त्यांनी नकार दिला, असं टागुबांनी लिहिलं.

लष्कराच्या दोन जोड्यांचं तसं झालं नाही. पुढच्या आठवड्यांत कुत्रे उघड्या अंगाच्या बंद्यांसमोर उभे केले गेले, अल्पवयीन मुलांच्या कोठडीत नेले गेले, आणि किमान एका बंद्याला चावा घेतला गेला. दोन्ही हॅण्डलर, मायकल स्मिथ आणि सँटोस कार्डोना, २००६ मध्ये कोर्ट मार्शलसमोर उभे राहिले. वरून परवानगी होती, हा त्यांचा बचाव. स्मिथला १७९ दिवसांची कैद झाली, कार्डोनाला ९० दिवस सक्तमजुरी, तीही तुरुंगाबाहेर.

आणि आपल्या त्या एका रात्रीचं काय झालं? फे अहवालाने त्या रात्रीची नग्नता आणि कुत्र्यांचा गैरवापर या दोन्हींसाठी जॉर्डन यांना जबाबदार धरलं. २००७ मध्ये त्यांच्यावर कोर्ट मार्शल झालं. या प्रकरणात खटल्याला सामोरे गेलेले ते एकमेव अधिकारी. बंद्यांना क्रूरपणे वागवल्याच्या आरोपातून ते निर्दोष सुटले. दोषी ठरले ते चौकशीबद्दल बोलू नये हा हुकूम मोडल्याबद्दल, आणि जानेवारी २००८ मध्ये तेही रद्द झालं. पॅपस यांच्यावर खटला झालाच नाही. चौकशीत कुत्रे वापरायला वरिष्ठांची मंजुरी घेतली नाही वगैरे कर्तव्यच्युतीबद्दल २००५ मध्ये ताशेरे आणि ८,००० डॉलर दंड. त्या ठपक्यातला तर्क बघा: मंजुरी घेतली नाही हा दोष. मंजुरी घेतली असती तर ते कायदेशीर झालं असतं काय, हा प्रश्न त्यात उठतच नाही.

कंत्राटी चौकशीकारांपैकी एकावरही अबू गरीबसाठी फौजदारी खटला चालला नाही. लष्करी दंडसंहिता त्यांना तेव्हा धडपणे लागू नव्हती. दिवाणी दावा मात्र रेटत रेटत नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हर्जिनियातल्या ज्यूरीपर्यंत पोहोचला आणि अबू गरीबला चौकशीकार पुरवणाऱ्या सीएसीआय या कंपनीने तीन इराकी फिर्यादींना ४ कोटी २० लाख डॉलर द्यावेत असा कौल लागला. त्या दाव्याचा विषय त्यांचा स्वतःचा छळ होता, २४ नोव्हेंबरची कोठडी नव्हती.

नियम मात्र बदलले. नोव्हेंबर २००५ मध्ये संरक्षण खात्याने निर्देश काढला: लष्कराचा, कंत्राटदाराचा किंवा कुठल्याही सरकारी यंत्रणेचा कुत्रा चौकशीची पद्धत म्हणून किंवा चौकशीसाठी बंद्याला धमकावायला वापरायचा नाही. डिसेंबर २००५ च्या कायद्याने लष्कराच्या ताब्यातल्या बंद्यांची चौकशी लष्करी पुस्तिकेपुरती मर्यादित केली आणि सप्टेंबर २००६ च्या नव्या पुस्तिकेत निषिद्ध गोष्टींच्या यादीत लष्करी कुत्रे नावानिशी आले, पाण्यात गुदमरवणं आणि खोटी फाशी यांच्या शेजारी. मुसकीचा उल्लेख नाही, मंजुरीचा रकाना नाही.

तरी ही बंदी चौकशीपुरती आहे. झडतीचा कुत्रा तिच्या बाहेरच राहतो आणि दुसरी हाक नेहमी पहिल्या हाकेच्या वाटेनेच येते. हे अमेरिकेतल्या नागरी यंत्रणेला वेगळ्या अनुभवातून कळलं. २००४ मध्ये न्यू जर्सीत, एडिसनच्या मराठी मंडळींपासून फार लांब नसलेल्या पॅटरसन गावातल्या पॅसेइक काउंटी तुरुंगात स्थलांतरित बंद्यांवर कुत्रे घातल्याच्या तक्रारी बाहेर आल्या. तिथे चौकशी वगैरे काही नव्हतं, नेहमीचा बंदोबस्त आणि झडत्याच होत्या. त्यानंतर स्थलांतरित बंद्यांच्या आसपास कुत्रे वापरायला मनाई झाली. पुढे २०११ च्या स्थलांतरित-बंदी मानकांनी रेषा आणखी अलीकडे ओढली: बळजबरी, धाक, नियंत्रण आणि बंद्यांची अंगझडती यांसाठी कुत्रा नाही. चोरटा माल शोधायला चालेल, पण बंदी तिथे हजर नसताना.

हा नियम अबू गरीबच्या त्या रात्रीला लावून पाहिला तर दुसरं बोलावणं बाद होतंच, पहिलंही जसंच्या तसं बसत नाही. गोळीबार झालेला, हत्यारं आत असण्याची शंका, आणि प्रत्येक कोठडीत माणूस. आधी सगळ्यांना बाहेर काढायचं, मग कुत्रा आत न्यायचा, असं करायला पहारेकरी लागतात. आणि पहारेकरी कमी होते म्हणून तर कुत्रे मागवले होते.